पदक सांगते तेवढेच, पण तेवढे पूर्ण

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची सात पदकांची छायाचित्रे पोचली. येत्या १९ डिसेंबरला, गोव्याच्या मुक्तिदिनी, तुमच्या साखळीच्या मंडळाने नौदलात आयुष्य काढलेल्या तुझ्या आजोबांच्या, आबांच्या नावाचा फलक उभारायचे ठरवले आहे, फलकाचा मजकूर थोरल्या काकांनी लिहिला आहे, भाषण तू करायचे आहेस, आणि भाषणाच्या तयारीसाठी एकेका पदकाचे नाव शोधून पाहिल्यावर तुझ्या लक्षात आले आहे की 'अंजदीववर तिरंगा फडकविणारे, १९७१च्या युद्धातील शौर्यपदक विजेते' या मजकुरातली एकही गोष्ट या सात पदकांतून निघत नाही. इथपर्यंत तू योग्य वाटेने आलीस. त्यापुढे मात्र तू लिहिले आहेस, 'मग आबांनी नेमके केले तरी काय?' ते वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि संध्याकाळपर्यंत लिहायला बसलो नाही, कारण रागाच्या भरात लिहिलेले तुला लागले असते.

आबा खोटे बोलले नाहीत, हे आधी मनात पक्के कर. वास्कोच्या सैनिकी कँटीनमध्ये महिन्याचे सामान न्यायला ते येत, तेव्हा सामानाच्या पिशव्या पायाशी ठेवून आम्ही दोघे बोलत बसत असू. ते मला ज्येष्ठ, हुद्दा चीफ पेटी ऑफिसर, म्हणून मी त्यांना चीफ म्हणायचो. आपण अंजदीववर उतरलो, झेंडा लावला, असे ते चुकूनही बोलले नाहीत. ते बोलले ते लोक. देवळाच्या सभामंडपात कोणीतरी कौतुकाने एक वाक्य वाढवले, पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याला आणखी एक जोडले, आणि आबा गप्प राहिले, कारण बॉयलर रूममध्ये, जहाजाची वाफ तयार करणाऱ्या खोलीत, काढलेले आयुष्य बाहेरच्या माणसाला कोठून सांगायला सुरुवात करावी हे त्यांना कधी उमगले नाही. माझ्याशी ते बोलत, कारण मीही त्याच उकाड्यात वाढलेला.

माझे म्हणणे एकच आहे आणि या पत्रात ते मी अनेकदा म्हणणार आहे, त्याचा कंटाळा करू नकोस. पदक जेवढे सांगते तेवढेच सांगावे, आणि जेवढे सांगते तेवढे पूर्ण सांगावे. काकांनी यातला पहिला भाग मोडला. दुसरा भाग तू मोडायला निघाली आहेस. काकांचे मी समजू शकतो, त्यांना वडिलांचा अभिमान आहे आणि तपशील ठाऊक नाही. तुझ्याकडे तपशील आला आणि तू लगेच 'केले तरी काय' या निष्कर्षाला पोचलीस, याचे मला अधिक वाईट वाटते.

पहिले पदक हातात घे. ते जनरल सर्व्हिस मेडल १९४७. त्याच्या दर्शनी बाजूवर प्रभावळीत उभी, टोक वर केलेली जी तलवार आहे ती भवानी तलवार. तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली केला आणि जे तुम्ही सगळ्या पाहुण्यांना नेऊन दाखवता. त्याच शिवछत्रपतींची भवानी तुमच्या बाहेरच्या खोलीत इतकी वर्षे फ्रेमीत आहे आणि घरातल्या एकालाही तिची ओळख नाही. या पदकाच्या रिबिनीवर धातूची आडवी पट्टी आहे, तिच्यावर 'गोवा १९६१' अशी अक्षरे आहेत. ही पट्टी म्हणजे क्लास्प. काश्मीर, कोरिया, नागा टेकड्या, लडाख, नेफा (आजचा अरुणाचल) अशा मोहिमांसाठी त्याच पदकावर वेगवेगळ्या पट्ट्या दिल्या गेल्या. पदक एक, मोहीम पट्टीवरून ओळखायची. तेव्हा हे पदक काय सांगते? हा माणूस गोव्याच्या मुक्तीच्या लष्करी कारवाईत होता, एवढे सांगते. बाय, गोव्यात राहणाऱ्या माणसासाठी हे 'एवढे' केवढे आहे!

आणि पूर्ण सांगायचे तर असे सांग. १७ नोव्हेंबर १९६१ रोजी 'साबरमती' या प्रवासी बोटीवर अंजदीव बेटावरून गोळीबार झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत मच्छीमारांच्या होडीवर झाला. कारवारच्या किनाऱ्यासमोरचे ते बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. १८ डिसेंबरच्या सकाळी ते घेण्याची कामगिरी आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेवर होती आणि आयएनएस म्हैसूर पाठीशी होती. बेटावर उतरलेल्या नौसैनिकांवर गोळीबार झाला, नौदलाचे सात जण तेथे धारातीर्थी पडले, त्रिशूलच्या तोफांनी बेटावर मारा केला आणि दुसऱ्या दिवशी बेट पूर्ण ताब्यात आले. आबा त्या दिवशी त्रिशूलवर होते आणि बॉयलर रूममध्ये होते. जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ, शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात, वरून कधी वेग वाढवा, कधी थांबा, कधी उलटे फिरवा अशा आज्ञा येत असणार, आणि त्या प्रत्येक आज्ञेला तत्क्षणी वाफ पुरवणे हे खालच्या माणसांचे काम. वरच्यांना निदान बेट दिसत होते. खालच्यांना पोलादाची भिंत दिसत होती आणि तोफ सुटली की पायाखालची जाळी हादरत होती. तोफ आपली की त्यांची, हे ते आवाजावरून ओळखत.

झेंडा लावणाऱ्यांत आबा नव्हते, ही खरी गोष्ट आहे, आणि ती अशीच सांगायची. जे सात जण बेटावर पडले त्यांच्या वाट्याचे आपण काही घ्यायचे नाही. पण झेंडा लावायला जी माणसे गेली, त्यांना तेथवर नेणाऱ्या जहाजाला वाफ देणाऱ्यांत आबा होते, हीही खरी गोष्ट आहे, आणि तीसुद्धा अशीच, खालच्या आवाजात नव्हे, सांगायची.

दुसरे पदक ताऱ्याच्या आकाराचे, पूर्वी स्टार. १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर जे प्रत्यक्ष होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार. येथे मला जरा सविस्तर लिहू दे, कारण या एका पदकाविषयी आबा आणि मी जितके बोललो तितके दुसऱ्या कशाविषयी बोललो नाही.

विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका. मार्च १९६१मध्ये ती नौदलात दाखल झाली. तिला चार बॉयलर होते आणि १९७१च्या युद्धाआधी त्यांतल्या एकाला भेगा पडल्याचे उघड झाले. अशा स्थितीत हे जहाज युद्धात न्यावे की नाही यावर वरिष्ठ पातळीवर बराच खल झाला. शेवटी पूर्वेच्या समुद्रात न्यायचे ठरले. याचा अर्थ काय होतो तो नीट समजून घे. विमानवाहू जहाजावरून विमान सोडायचे तर जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने पळवावे लागते. समोरून येणारा वारा आणि जहाजाचा स्वतःचा वेग या दोहोंच्या बेरजेवर विमान हवेत ठरते. वारा पडलेला असेल तर सगळी भिस्त जहाजाच्या वेगावर, आणि इथे तर वेगालाच मर्यादा पडलेली. शिवाय विमान पुढे फेकणारा कॅटापल्टही वाफेवरच चालणारा. म्हणजे पंखे फिरवायला वाफ, वीज निर्माण करायला वाफ आणि विमान फेकायलाही वाफ, आणि ती सगळी पुरवायची धडधाकट अशा तीनच बॉयलरांनी.

आबा सांगत की कॅटापल्ट सुटल्याचा धक्का खालपर्यंत जाणवायचा. तो पुन्हा भरायला वाफ ओढली जायची, दाबमापकाचा काटा खाली झुकायचा, आणि पुढचे विमान उभे राहीपर्यंत काटा पुन्हा जागेवर आणायचा असायचा. त्यासाठी भट्टीत तेल फवारणारे स्प्रेअर वाढवायचे, हवेचे प्रमाण सांभाळायचे, कारण तेल जास्त आणि हवा कमी झाली तर धुराड्यातून काळा धूर निघतो आणि तो काळा धूर शत्रूला फार दुरून दिसतो. हे सगळे चालू असताना एका माणसाची नजर गेज ग्लासवरून हलायची नाही. गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी. जहाज डोलते तसे त्यातले पाणी वर-खाली होते, आणि त्या डोलण्यातून खरी पातळी कोणती हे नजरेने ओळखावे लागते. पाणी फार खाली गेले तर नळ्या जळतात, फार वर चढले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात. त्या नळीसमोर आबा उभे असत. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले आणि पुढच्या दिवसांत विक्रांतची विमाने खुलना, मोंगलापर्यंत जाऊन आली, तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी कोणीतरी त्या काचेकडे पाहत होते. ज्या विक्रांतच्या शोधात पाकिस्तानची गाझी पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली आणि विशाखापट्टणमजवळ बुडाली, त्या जहाजाच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, हा माणूस पाळ्या करत होता. टॉर्पेडो लागला तर पहिले पाणी कोठे शिरते हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत असते.

केले तरी काय, असे तू विचारलेस ना? हे केले.

वेळ काढून एकदा बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तेथे सी हॉक आहे, विक्रांतवरचेच अलिझे विमान आहे. पंख दुमडलेले ते विमान जवळून पाहा, त्याच्या वजनाचा अंदाज घे, आणि मग एवढे धूड जहाजाच्या तोकड्या धावपट्टीवरून समुद्रावर फेकायला किती वाफ लागत असेल याचा विचार कर. भाषणाची तयारी संगणकासमोर बसून होत नाही, तेथे होते.

उरलेल्या पदकांविषयी थोडक्यात लिहितो. रक्षा मेडल सांगते की १९६५च्या युद्धाच्या वेळी आबा सेवेत होते. संग्राम मेडल सांगते की १९७१च्या काळात सेवेत होते. ते आघाडीवरच्यांना मिळाले तसे पिछाडीवरच्यांनाही मिळाले. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणाऱ्यांचे. शेवटची दोन दीर्घ सेवेची, वीस वर्षांचे आणि नऊ वर्षांचे. ही पदके पुष्कळांना मिळतात म्हणून त्यांना कमी लेखायची एक वाईट खोड आपल्या लोकांत आहे. वीस वर्षे घरापासून दूर, बहुतेक गणेशचतुर्थ्या समुद्रावर, आणि मागे आजीने एकटीने तुझ्या बाबांना आणि काकांना वाढवले, हे त्या वीस वर्षांच्या पदकात आहे. तेही पूर्ण सांग. आजीचे नाव घेऊन सांग.

आता शौर्यपदकांविषयी, कारण तुझ्या मनातला सल तेथे आहे. परमवीर चक्र नौदलातल्या कोणालाही आजवर मिळालेले नाही. १९७१च्या युद्धात नौदलातल्या ज्यांना महावीर चक्र मिळाले त्यांत नाविक एकच, लीडिंग सीमन चिमण सिंग. बाकीचे सगळे अधिकारी. चिमण सिंग 'पद्मा' या गनबोटीवर होते. खुलन्याजवळ बोट बुडाली, स्वतः जखमी असताना त्यांनी पाण्यातल्या साथीदारांना वाचवण्यासाठी शत्रूचा मारा आपल्यावर घेतला आणि ते पकडले गेले. त्याच मोहिमेचे नेतृत्व आपल्या मराठी मुलखातले कमांडर मोहन सामंत करत होते, त्यांनाही महावीर चक्र मिळाले. विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश यांना मिळाले, सी हॉक तुकडीचे प्रमुख संतोष गुप्ता यांना मिळाले. ही नावे मी मुद्दाम लिहितो आहे. फलकावर 'शौर्यपदक विजेते' असे लिहायचे म्हणजे आबांना या रांगेत नेऊन उभे करायचे. आबा स्वतः तेथे उभे राहिले नसते. शौर्यपदकामागे एक ठरावीक घटना असते, तिचे साक्षीदार असतात, लेखी शिफारस असते, राजपत्रात नाव येते. ते नसताना तो शब्द वापरणे म्हणजे चिमण सिंगांच्या जखमांतला वाटा मागणे होय. तुझे काका हे जाणूनबुजून करत नाहीत, पण होते तेच.

मी इतका ताणून का धरतो असे तुला वाटेल. घरीही सगळ्यांना वाटते. म्हणून माझी गोष्ट सांगतो.

१९७१च्या डिसेंबरात मी लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या जमिनीवरच्या केंद्रात प्रशिक्षण घेत होतो. कोवळे वय होते, युद्ध रेडिओवर ऐकले. माझ्याकडे त्या युद्धाचे फक्त संग्राम मेडल आहे. पुढे मी विक्रांतवर गेलो, त्याच बॉयलर रूममध्ये उभा राहिलो, पण तोवर युद्ध संपून बराच काळ लोटला होता. काही वर्षांपूर्वी येथल्या एका शाळेने १६ डिसेंबरच्या कार्यक्रमाला मला बोलावले. सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'कराची बंदर पेटवणाऱ्या वीरांपैकी एक' अशी करून दिली. टाळ्या झाल्या. मी माइक हातात घेऊन पहिलेच वाक्य बोललो की ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीकडे गेल्या तेव्हा मी लोणावळ्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. सभागृह गप्प झाले. संयोजकांना ते अपमानास्पद वाटले आणि चहाच्या वेळी कोणी माझ्याशी धड बोलले नाही. त्या शाळेने पुन्हा बोलावले नाही, इतरांनीही हळूहळू सोडले. मुलगा म्हणाला, बाबा, मुलांसमोर गप्प बसला असतात तर तुमचे काय गेले असते?

माझे काय गेले असते ते सांगतो. लोणावळ्याला आमच्या आधीच्या तुकडीतला एक मुलगा होता, रत्नागिरीकडचा. गेज ग्लास कसा वाचायचा हे मला पहिल्यांदा त्याने दाखवले. पाणी डोलते तेव्हा पाण्याकडे पाहू नकोस, डोलण्याच्या मध्याकडे पाहा, असे तो सांगायचा. त्याची नेमणूक आयएनएस खुकरीवर झाली. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने खुकरीला टॉर्पेडो मारला. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. त्यांत तो होता. त्या व्यासपीठावर मी कराची स्वीकारले असते, तर ते कोठून घेतले असते? सरकारी कोठारातून नव्हे. त्याच्यासारख्यांच्या वाट्यातून घेतले असते. मृत माणूस उठून 'हे माझे आहे' असे म्हणू शकत नाही, म्हणून जिवंत माणसाने आपला हात आवरायचा असतो. मी उद्धट वाटलो असेन. मला त्याचे दुःख नाही, आणि पुन्हा तीच ओळख करून दिली गेली तर मी पुन्हा तेच बोलेन.

पण त्याच भाषणाचा दुसरा भाग कोणी लक्षात ठेवत नाही, याचे मात्र मला दुःख आहे. मी पुढे लोणावळ्याविषयी बोललो होतो. युद्ध चालू असताना प्रशिक्षणाला सुट्टी नसते, कारण आघाडीवरच्या माणसाची जागा घ्यायला दुसरा तयार लागतो, हे मी मुलांना सांगितले. माझ्या संग्राम मेडलमध्ये तेवढे आहे आणि ते मी पूर्ण सांगितले. ऐकणाऱ्यांचे लक्ष तोवर उडाले होते. तुझ्या भाषणात असे होऊ देऊ नकोस. 'आबांनी झेंडा लावला नाही' एवढ्याने सुरुवात केलीस तर पुढचे कोणी ऐकणार नाही. आधी बॉयलर रूममध्ये ने सगळ्यांना. पाणी, काच, काटा, उकाडा, काळा धूर, हे डोळ्यांसमोर उभे कर. मग लोकांना झेंड्याची आठवणच राहणार नाही.

एक हळहळ आहे, ती लिहून टाकतो. माझ्या लहानपणी मालवणात आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते, दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत होते. त्यांच्याकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीचे पदक, बर्मा स्टार होता. मी नौदलात भरती झाल्यावर सुट्टीत घरी आलो की त्यांना विचारत असे, आणि ते हसून म्हणत, पुढच्या सुट्टीत निवांत सांगतो. अशा एका सुट्टीत मी पोचलो तेव्हा ते नव्हते. तो तारा पुढे कोठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. आज तो कोणत्या ड्रॉवरमध्ये असला तरी त्यामागची गोष्ट कोणती, जहाज कोणते, हे सांगणारे कोणी उरलेले नाही. त्या मानाने तू भाग्यवान आहेस. आबांची पदके तुमच्या घरात आहेत आणि त्यांच्यावर नाव आहे.

ते नाव वाच. पदकाच्या कडेवर भिंग धरून पाहा: सेवा क्रमांक, हुद्दा, नाव. पदकावरचा हुद्दा त्या वेळचा असतो, म्हणून १९६१च्या पदकावर आबा चीफ नसतील, तरुण स्टोकर, म्हणजे भट्टीवरचे नाविक, असतील. त्यात गोंधळून जाऊ नकोस. तुझ्या काकूंनी फलकाच्या निमित्ताने पदके पितांबरीने घासून लखलखीत करायचे ठरवले आहे असे तू लिहिलेस. त्यांना हात जोडून सांग की पितांबरी नको, चिंच नको, ब्रासो नको. घासल्याने आधी झिजतात ती कडेवरची अक्षरे. मऊ कोरड्या कापडाने पुसायचे, बस्स. गोव्याच्या पावसाळ्यात रिबिनीला बुरशी धरते, तेव्हा फ्रेम बाहेरच्या ओल्या भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर लावा. फ्रेमवाल्याने पदकांचा क्रमही चुकवला आहे. ताऱ्याचा आकार वेगळा म्हणून त्याने तो मधोमध बसवला. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडून जनरल सर्व्हिस मेडल, पूर्वी स्टार, रक्षा, संग्राम, पंचविसाव्या वर्षाचे, मग वीस वर्षांचे आणि अखेरीस नऊ वर्षांचे, असा क्रम हवा. कार्यक्रमात तुला पदके लावायची असतील तर उजव्या बाजूला लाव. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची.

पदक रणक्षेत्र सांगते. कोणते जहाज, कोणती तारीख, हे नोंद सांगते. माझ्या आठवणीवर भाषण उभे करू नकोस. आबांनी मला सांगितले आणि मी तुला सांगतो आहे, एवढ्यावर फलक लावायचा नाही, माझ्या शब्दावरसुद्धा नाही. घरातल्या ट्रंकेत आबांचे डिस्चार्ज बुक असेल, पेन्शन मंजुरीचा आदेश, पीपीओ, असेल. आजीच्या पेन्शनसाठी ते कागद कोणीतरी जपलेच असतील. नाविकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या नाविक ब्यूरोत असतात. सेवा क्रमांक देऊन, आजीच्या सहीने, वारस म्हणून अर्ज कर. अर्ज कसा लिहायचा ते सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' हे चालणार नाही, या आठवड्यात पाठव. कागदांना लॅमिनेशन करू नका. एकदा केले की ते कागद पुन्हा सोडवता येत नाहीत.

फलकाचा मजकूर मी सुचवतो. वर आबांचे नाव, त्याखाली 'चीफ पेटी ऑफिसर, भारतीय नौदल, १९५७ ते १९७९'. मग 'गोवा मुक्ती, १९६१: आयएनएस त्रिशूल'. मग '१९७१चे युद्ध: आयएनएस विक्रांत, बॉयलर रूम'. त्याखाली सात पदकांची नावे, योग्य क्रमाने. बॉयलर रूम हे शब्द गाळायचे नाहीत. काका म्हणतील, फलकावर ते कसे दिसेल? त्यांना सांग की आबांनी आयुष्य तेथे काढले आणि ज्याने काढले त्याला त्याची लाज नव्हती. जहाजे आणि वर्षे नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय छपाईला द्यायची नाहीत. नोंद वेगळे काही म्हणाली तर नोंद खरी, मी नव्हे.

काका रागावतील. रागावू दे. त्यांच्याशी वाद घालताना माझे हे पत्र पुढे कर आणि सांग की 'शौर्यपदक' हा शब्द फलकावर राहिला तर मी कार्यक्रमाला येणार नाही, आणि तो निघाला तर पहिल्या रांगेत येऊन बसेन. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, कोरी पानेसुद्धा. शिक्के पुष्कळदा मागच्या बाजूला असतात. भाषणाचा मसुदा अर्ज टाकल्यानंतरच लिहायला घे.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
वास्कोचा काका